छोट्या गाडीची क्लच प्लेट बदलताना

चौथ्या गिअरमध्ये सपाट रस्त्यावरून जात असताना पुढच्या ट्रकला ओलांडण्यासाठी मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि वेगाचा काटा मात्र साठावरच राहिला. क्षणभर वाटले की गिअर निसटला असावा, पण दांडा जागच्या जागी होता. पाय सैल सोडल्याबरोबर आवाज खाली आला, गाडी पूर्ववत चालू लागली आणि ओलांडण्याचा विचार सोडून मी ट्रकच्या मागेच राहिलो. आमची ही छोटी हॅचबॅक घेऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. या दोन वर्षांत तिच्याविषयी मी बरेच काही शिकलो होतो, पण तिच्यावर भार किती टाकावा आणि तो भार चढावर नेमका कोण उचलतो, हे मला ठाऊक नव्हते. ते पुढच्या तीन आठवड्यांत कळले, आणि छोटी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या ते उपयोगी पडेल असे वाटते म्हणून सविस्तर लिहितो आहे.

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तिचे अडतीस हजार किलोमीटर झाले होते. तीन सिलिंडरचे ९९८ सीसीचे पेट्रोल इंजिन, पाच गिअर, केबलवर चालणारा क्लच (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणारा आणि तोडणारा भाग), पुढच्या चाकांना ताकद. म्हणजे परवडणाऱ्या छोट्या गाड्यांमध्ये सर्रास आढळणारीच रचना. सुरुवातीला सिग्नलला उभे असताना स्टिअरिंगला जाणवणारी थरथर मला दोष वाटली होती. पुढे समजले की चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तर तीन सिलिंडरच्या इंजिनात तो २४० अंशांनी होतो, आणि शिवाय दोन टोकांच्या पिस्टनांमुळे इंजिन लांबीच्या दिशेने किंचित डुलत असते. ही थरथर रबरी माउंटिंग शोषून घेतात, पण कमी फेऱ्यांवर थोडी शिल्लक राहतेच. एसी लावल्यावर गाडी जड वाटणे हेही तसेच आहे. कॉम्प्रेसर चालवायला लागणारी ताकद मोठ्या इंजिनातून गेली तर लक्षात येत नाही, छोट्या इंजिनातून गेली की लगेच जाणवते. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे अंतर मोजण्याची सवय मी पहिल्या महिन्यापासून ठेवली होती, आणि दोन वर्षांची सरासरी लिटरला एकोणीस किलोमीटरच्या आसपास होती. अरुंद गल्लीत ती एका दमात वळायची, दोन गाड्यांमधल्या जेमतेम जागेत मावायची आणि सर्व्हिसिंगचे काम अर्ध्या दिवसात आटोपायचे. मी तिच्यावर पूर्ण समाधानी होतो, आजही आहे.

ट्रकच्या त्या प्रसंगानंतर क्लचची प्लेट घसरते आहे का हे पाहण्यासाठी मी सपाट मोकळ्या जागी एक चाचणी केली. हँडब्रेक पक्का ओढायचा, पाय ब्रेकवर ठेवायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. क्लच ठीक असेल तर इंजिन तत्काळ बंद पडते, कारण त्याला चाके फिरवता येत नाहीत आणि प्लेटही सरकू देत नाही. माझे इंजिन दोन-तीन सेकंद घरघरत राहिले आणि मग बंद पडले. ही चाचणी वारंवार करण्याची नाही, कारण तिच्यातच प्लेट आणखी झिजते. मी ती एकदाच केली. मग पेडल हाताने दाबून पाहिले. मॅन्युअलप्रमाणे पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल असायला हवी होती, आणि ती जवळजवळ नव्हतीच.

ही मोकळी हालचाल, जिला गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात, ती केबलच्या क्लचमध्ये फार बोलकी असते. प्लेट झिजून पातळ होत जाते तशी तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे हळूहळू रिलीज बेअरिंगच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर त्या बोटांना ढकलणाऱ्या बेअरिंगच्या, दिशेने पुढे येतात आणि केबलमधला प्ले खाऊन टाकतात. वेळच्या वेळी केबलचा नट फिरवून तो प्ले परत दिला नाही, तर बेअरिंग त्या बोटांवर कायमचे टेकून राहते, प्लेटवरची पकड कमी होते, प्लेट घसरू लागते आणि घसरल्यामुळे आणखी वेगाने झिजते. पेडल पूर्वीपेक्षा बरेच वर आल्यावर गाडी उचलते आहे हे मला सहा महिने जाणवत होते. गाडीला वय झाले की असे होत असेल, अशी समजूत करून घेऊन मी गप्प राहिलो, आणि ही चूक पूर्णपणे माझी होती.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी पहिल्या दिवशी फक्त केबल सैल केली. "थोडे दिवस चालेल, पण नुसता नट फिरवून प्लेट जाड होत नाही," असे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. जेमतेम दोनशे किलोमीटर गाडी बरी चालली. मग एका उड्डाणपुलाच्या चढावर पुन्हा तोच रिकामा आवाज आला, आणि या वेळी जळक्या लायनिंगचा, म्हणजे प्लेटवरच्या घर्षणाच्या थराचा, उग्र वासही सोबत आला. हा वास एकदा आला की विसरत नाही; जळलेल्या रबरापेक्षा तो कोरडा असतो आणि घशाशी बसतो. दुसऱ्या दिवशी मी गाडी पुन्हा घेऊन गेलो आणि काम चालू असताना शेजारी उभे राहण्याची परवानगी मागितली. मिस्त्री म्हणाले, "उभे राहा साहेब. प्लेट गेलीय हे मला आत्ताही दिसतंय, पण ती का गेली ते उघडल्यावरच कळेल."

आत एवढीशी चकती बदलण्यासाठी किती काही सोडवावे लागते हे पाहण्यासारखे आहे. आधी बॅटरीची वायर काढली, मग एअर फिल्टरचा डबा, स्टार्टर आणि गिअरच्या केबल. गिअरबॉक्समधले तेल खाली पसरट भांड्यात काढले, पुढची चाके उतरवली, खालच्या आर्मचे बॉलजॉइंट सोडवले आणि दोन्ही बाजूंचे एक्सल गिअरबॉक्समधून ओढून बाहेर काढले. डाव्या आणि उजव्या एक्सलची लांबी वेगळी पाहून मला आश्चर्य वाटले, पण त्यामागे मोटारीच्या रचनेचा मोठा इतिहास आहे.

इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरवण्याची कल्पना छोट्या गाड्यांमध्ये रुजवली ती १९५९ च्या मिनीने. अलेक इसिगोनिस यांनी त्या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, तेलाच्या चेंबरमध्येच बसवला होता, त्यामुळे इंजिन आणि गिअर एकाच तेलावर चालत. इटलीत दान्ते जाकोसा यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी गिअरबॉक्स आडव्या इंजिनाच्या एका टोकाला, त्याच रेषेत जोडला. १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलामध्ये ही रचना आली आणि १९६९ च्या फियाट १२८ मध्ये ती स्थिरावली. आजच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्या याच वाटेने आल्या आहेत. या रचनेत इंजिन एका बाजूला आणि गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला येत असल्याने चाकांना ताकद देणारा डिफरन्शियल गाडीच्या मध्यावर येत नाही, म्हणून एक एक्सल आखूड आणि दुसरा लांब ठेवावा लागतो. क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये चेपून बसलेला असतो. माणसांना प्रशस्त बसता यावे म्हणून बॉनेटखालची जागा इतकी आखडून घेतलेली असते, की त्या चकतीपर्यंत हात पोचण्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. आतल्या ऐसपैसपणाची मी दोन वर्षे सगळ्यांना कौतुकाने ओळख करून देत होतो. त्यासाठी कुठली जागा आटवली आहे हे त्या दिवशी समोर दिसले.

इंजिनाला खालून जॅकचा आधार देऊन माउंटिंगचे बोल्ट काढले, आणि दोघांनी मिळून गिअरबॉक्स हलवत हलवत बाजूला घेऊन खाली उतरवला. बेल हाउसिंगमधून, म्हणजे क्लचवरच्या आवरणातून, काळी भुकटी खाली सांडली. ती क्लचच्या लायनिंगची होती, आणि तिच्यावर हवेचा झोत मारण्याऐवजी मिस्त्रींनी ओल्या फडक्याने ती पुसून घेतली, हे मला फार आवडले. ती धूळ श्वासाबरोबर आत जाणे चांगले नाही.

मग त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली. तिचा व्यास मी मोजला तर तो अठरा सेंटीमीटर भरला, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षाही लहान. नव्या प्लेटमध्ये लायनिंग धरून ठेवणारे रिव्हेट पृष्ठभागापासून मिलिमीटरभराहून थोडे अधिक खोल असतात, आणि ते पृष्ठभागाला येऊन भिडले की प्लेटचे आयुष्य संपले. याचा अर्थ असा की गाडीचे हजारो किलोमीटर दोन्ही बाजूंच्या मिलिमीटरभर जाडीवर काढलेले असतात. माझ्या प्लेटच्या एका बाजूला रिव्हेटची डोकी चकाकत होती, नखाला कडाही लागत नव्हती, आणि लायनिंगचा रंग तपकिरी राहिला नसून कोळशासारखा झाला होता. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिला चिकटून फिरते त्या इंजिनाच्या जड चकतीवर, बोटाच्या पेराएवढे निळसर डाग पडले होते आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक भेगा होत्या. पोलाद अती तापले की असा निळा रंग धरते. मिस्त्रींनी त्या डागावर बोट ठेवून विचारले, "गाडी घाटात कधी अडकली होती का? माणसं भरलेली असताना?"

अडकली होती. आठ महिन्यांपूर्वी आई-वडील, पत्नी आणि मोठा मुलगा यांना घेऊन मी घाटातून चाललो होतो. टपावर कॅरिअर, त्यावर दोन बॅगा, डिकी भरलेली आणि एसी चालू. वर कुठेतरी एक ट्रक बंद पडला होता आणि रांग पाच पावले पुढे सरकून पुन्हा थांबत होती. तो सव्वा तास मी गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट सोडून, तोलून धरली, कारण हँडब्रेक लावून पुन्हा सोडण्यापेक्षा पायाने तोलणे मला सोपे आणि कौशल्याचे वाटत होते. मागच्या गाडीवर आपली गाडी जाऊ नये ही धास्तीही होती. शेवटी शेवटी वास आला होता, आणि तो पुढच्या ट्रकचा असावा असे मी आईला सांगितले होते.

मिस्त्रींनी मॅन्युअल मागवून त्यातले वजनाचे पान उघडले. रिकाम्या गाडीचे वजन ७५५ किलो, आणि भारासह कमाल अनुज्ञेय वजन १२१० किलो. म्हणजे गाडीने उचलायचा एकूण भार ४५५ किलो, आणि त्यात चालवणाराही आला. आमच्या पाच जणांचे सरासरी सत्तर किलो धरले तरी साडेतीनशे होतात. उरलेल्या १०५ किलोंत कॅरिअर, बॅगा आणि डिकीतले सगळे सामान बसायला हवे होते, आणि त्या दिवशी ते बसले असेल असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. पण त्या पानातून त्यांनी मला जी दुसरी गोष्ट दाखवली तिने माझा विचारच बदलला. मी एकटा चालवतो तेव्हा गाडी सव्वाआठशे किलोंची असते. पूर्ण भरल्यावर ती १२१० किलोंची, म्हणजे जवळजवळ दीडपट होते. ज्या गाडीचे रिकामे वजनच सोळाशे किलो आहे, तिच्यात हीच माणसे आणि हेच सामान ठेवले तर तिचे वजन पावपट किंवा त्याहून थोडेसे अधिक वाढेल. भार तोच असतो, पण छोट्या गाडीच्या तुलनेत तो फार मोठा ठरतो. इंजिन, ब्रेक, टायर, स्प्रिंग आणि क्लच या सर्वांना, आदल्या दिवशी आपण चालवली ती गाडी आज राहिलेली नसते. चालवणाऱ्याची सवय मात्र आदल्या दिवशीचीच असते.

हाफ क्लचवर गाडी तोलून धरताना चाके फिरत नाहीत, म्हणजे इंजिनातून क्लचपर्यंत येणारी ताकद पुढे कुठेच जात नाही. ती सगळी त्या अठरा सेंटीमीटरच्या चकतीवर घर्षणातून उष्णता होऊन बाहेर पडते. भार जास्त तेवढी गाडी तोलायला लागणारी पकड जास्त, आणि तेवढीच उष्णताही जास्त. हे गणित शाळेत शिकलेलेच होते, पण निळा डाग पाहीपर्यंत ते माझ्या पायात उतरले नव्हते.

जोडणीचे काम मला सोडवण्यापेक्षा अधिक नाजूक वाटले. फ्लायव्हील लेथवर पाठवून त्याचा पृष्ठभाग साफ करून घेतला. भेगा खोल असत्या तर नवे घ्यावे लागले असते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदमच बदलले. बेअरिंग अजून चालले असते असे मी म्हणालो, तेव्हा मिस्त्रींनी ते हातात फिरवून दाखवले, त्यातून वाळूसारखी बारीक खरखर ऐकू आली. एवढा गिअरबॉक्स उतरवल्यानंतर जुने बेअरिंग आत ठेवायचे आणि ते वाजू लागल्यावर तेच काम पुन्हा काढायचे, यात कसलीच बचत नाही. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत नाही हे टॉर्च लावून पाहिले, कारण तेलाचा थेंब नव्या प्लेटवर पडला तर ती पहिल्या दिवसापासून घसरेल. एक्सलची सील नवी घातली. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू तिच्यावर छापलेली असते, ती त्यांनी मला वाचायला लावली. मग मधोमध खुंटीसारखे एक हत्यार घालून प्लेट बरोबर केंद्रात आणली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक करून समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळले. प्लेट केसभर जरी बाजूला राहिली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. आमचा शाफ्ट दुसऱ्या प्रयत्नात गेला, आणि गिअरबॉक्स इंजिनाला येऊन टेकला तेव्हा झालेला तो बंद, भरीव आवाज मला अजून आठवतो.

सकाळी नऊला सुरू झालेले काम संध्याकाळी सहाला संपले. गाडी बाहेर काढताना पेडल इतके हलके लागले आणि इतक्या खाली गाडी उचलू लागली, की पहिल्या दोन वेळा इंजिन बंद पडले. मिस्त्रींनी पहिले पाचशे किलोमीटर गाडीवर जोर टाकू नका, जोरात रेस देऊन निघू नका आणि शक्यतो पूर्ण भार टाळा असे बजावले, म्हणजे नव्या लायनिंगचा आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग एकमेकांना बसतो. ते मी अक्षरशः पाळले.

त्यानंतर मी चढावर गाडी काढायला नव्याने शिकलो. पूर्ण थांबायचे असेल तर हँडब्रेक ओढायचा, गिअर न्यूट्रल करायचा आणि पाय क्लचवरून उचलायचा. निघताना पहिला गिअर, थोडी रेस, क्लच गाडीचे नाक किंचित उचलले जाईपर्यंत सोडायचा, आणि मगच हँडब्रेक सोडून त्याच दमात क्लच पूर्ण सोडायचा. रांग हळूहळू सरकत असेल तर पाच पावलांसाठी निघायचे नाही, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची. मागून हॉर्न वाजतात, ते वाजू द्यावेत. चालताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची माझी जुनी सवय मोडायला महिना लागला. नुसत्या पायाच्या वजनानेही बेअरिंग बोटांवर टेकते, हे माहीत झाल्यावरही पाय आपोआप तिथे जात असे.

भाराचाही हिशोब आता निघण्यापूर्वीच करतो. टपावरचे कॅरिअर काढून टाकले, त्याचा वाऱ्याला होणारा अडथळाही गेला. पाच जण जाणार असतील तर सामान एकेका पिशवीचे ठेवतो. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना, पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरून घेतो. रोजच्या आकड्याएवढ्याच हवेवर माणसा-सामानाने भरलेली गाडी नेली तर मागचे टायर चेपतात आणि वळणावर गाडी उशिरा सावरते. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्याच ओढीने येतो, कारण दीडपट झालेले वजन थांबवण्याचे काम छोट्या ब्रेकवर सतत सोपवले की तेही क्लचसारखेच तापतात. चढावर एसी बंद करतो. पहिल्या वेळी वडिलांना हे सगळे जरा जास्तच वाटले, पण त्यांना मी ती जुनी प्लेट दाखवली. ती मी मिस्त्रींकडून मागून आणली होती.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच घाटातून गेलो. तेच पाच जण होते, सामान निम्मे होते आणि रांग या वेळीही लागली, फक्त पाऊण तासाची. गाडी मी अकरा वेळा हँडब्रेकवर उभी केली आणि अकरा वेळा काढली. वर पोचल्यावर इंजिन बंद करून बॉनेटजवळ उभा राहिलो, तर गरम इंजिनाचा नेहमीचा वास होता, दुसरा कुठलाच नव्हता. परत आल्यावर पेडलचा प्ले पट्टीने मोजला, तो पंधरा मिलिमीटर भरला, आणि पेट्रोलच्या वहीत त्या दिवशीच्या आकड्याशेजारी तोही लिहून ठेवला.